घरटी एक माणूस

बुधवार, १२ सप्टेंबर १९७९

पोचलो एकदाचे. सामानाचा टेम्पो रिकामा व्हायला दुपार झाली. बायकोला, म्हणजे लेटिसला, मी खुर्चीवर बसवलं आणि हुकूम सोडायचं काम दिलं. ते तिला छान जमतं. ही वहीही तिनेच विकत आणली. म्हणाली, एकतीस वर्षं बसमधल्या लोकांपुढे कुरकुर केलीस, आता इथे उतारू नाहीत, तेव्हा कागदापुढे कर.

तर करतो. घर लहान, पण कोरडं आहे. या पाणथळ मुलखात कोरडं घर मिळणं म्हणजे लॉटरीच. वर एक खोली, खाली स्वयंपाकघर, आणि मागच्या दारातून वीस पावलांवर गढी. गढी म्हणजे नुसती मातीच हो. चार कोपऱ्यांना चार बुरूज, मधे तट, भोवती खंदक, सगळ्यावर गवत आणि गवतावर मेंढ्या. राजा आणि पार्लमेंटची लढाई जुंपली तेव्हा पार्लमेंटवाल्यांनी नदी ओलांडायचा उतार राखायला ही उभी केली. सव्वातीनशे वर्षं झाली. एक दगड नाही की वीट नाही, तरी उभी आहे. माझी कंबर एकसष्टाव्या वर्षीच गेली.

गढीच्या राखणदाराची ही नोकरी मला साजेशी आहे. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी काय करायचं ते अर्ध्या पानात सांगितलं आणि काय करायचं नाही ते तीन पानांत. खणायचं नाही. भर घालायची नाही. चमचाभर मातीसुद्धा इकडची तिकडे करायची नाही. सशांची बिळं मोजायची, पोरं घसरगुंडी करायला आली तर हाकलायची, आणि दर मंगळवारी तटावरच्या लोखंडी खुंट्या मोजायच्या. माती किती झिजली ते त्यावरून कळतं.

लेटिसच्या हृदयाचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. डॉक्टरांनी बजावलंय, भरल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही आणि दुपारी दोन ते चार आडवं व्हायचं. नाही पाळलं तर पुढच्या वेळी आपण काही करू शकणार नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणून ही जागा घेतली. इथे तिला उचलायला काही नाही आणि मला चालवायला काही नाही. आज खिडकीतून मेंढ्या बघत तिने दोन कप चहा घेतला. किती दिवसांनी तिच्या गालावर रंग दिसला.

रविवार, १६ सप्टेंबर

गावातला पहिला पाहुणा आला, जेबेझ क्रेक. ऐंशीच्या पुढचा, पाठीत वाकलेला, जन्मभर नदीत ईल मासे पकडले आणि चर्चची घंटा वाजवली. येताना धुरावलेला ईल घेऊन आला. लेटिसला ईल बघवत नाही, तरी तिने दोन तुकडे खाल्ले आणि वर मागून घेतले. ती तशीच आहे. समोरच्याचं मन मोडण्यापेक्षा आपलं पोट बिघडवील.

म्हाताऱ्याने गढीची हकीकत सांगितली. तो हिवाळा भयंकर पावसाचा होता. फौजेने गावातून घरटी एक माणूस खणायला धरला. बाई चालेल, म्हातारा चालेल, पण घरटी एक पाहिजेच. दिवसभर माती चढवायची, रात्री पावसाने ती खाली यायची. तट पुरा झाला की सोडू, असं कप्तान म्हणाला. मग एक दिवस हुकूम आला आणि फौज पहाटेच उठून निघून गेली. खणणाऱ्यांना कोणी सांगितलंच नाही. ते खणत राहिले. कोणी म्हणतं तीन दिवस, कोणी म्हणतं त्याहून जास्त. चर्चच्या वहीत त्या हिवाळ्यातल्या एकोणीस नावांपुढे मरणाचं कारण म्हणून एकच शब्द लिहिलाय, गढी.

म्हणून इथे सुटकेचा रविवार पाळतात. सप्टेंबरचा शेवटचा. वर्षभरात गावात जो कोणी नवा राहायला आला, त्याने गढीच्या तोंडाशी एक फावडं माती उचलून तटावर टाकायची, फावडं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्याच्या हातात द्यायचं, आणि त्याने म्हणायचं, तुझं काम झालं, घरी जा. मग सगळे दारूच्या गुत्त्यात जातात. तुम्ही दोघंही या म्हणाला. मी म्हटलं, बघतो. चमचाभर मातीचं कलम माझ्या डोळ्यांपुढे नाचत होतं.

रविवार, ३० सप्टेंबर

मी स्वतःवर फार खूश आहे. साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, लेखी परवानगी लागेल आणि तिला चौदा महिने लागतील. मग मी डोकं चालवलं. बागेच्या दुकानातून कंपोस्टचं पोतं आणलं, गढीच्या तोंडाशी ताडपत्री अंथरली आणि एक फावडं कंपोस्ट त्या ताडपत्रीवर टाकलं. कायदाही राहिला आणि गावाचा मानही राहिला. कंपोस्ट नंतर गोळा करून गुलाबांना घातलं.

गावाला मात्र ते पचलं नाही. तीसेक माणसं नुसती माझ्याकडे बघत उभी होती. मागून कोणीतरी म्हणालं, टोमॅटो लाव आता त्यात. क्रेकने फावडं घेतलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटला, तुझं काम झालं, घरी जा, आणि माझ्याकडे न बघता वळला. लेटिसच्या हातात मी फावडं दिलंच नाही. किटलीहून जड होतं ते. परतताना ती मुद्दाम माझ्या मागे राहिली. लोकांची आपण थट्टा केली, असं तिला वाटतंय. एकतीस वर्षं नियमाने गाडी चालवली, अपघात एक नाही, आणि म्हातारपणी फावडंभर मातीसाठी नियम मोडू?

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

लेटिसला बरं नाही. ताप नाही, खोकला नाही, नुसता थकवा. दुपारची झोपते आणि उठते ती झोपण्याआधीपेक्षा दमलेली. खांदे भरून आलेत म्हणते. काल चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला. नखांत काहीतरी निळसर काळं होतं. मी म्हटलं, बागेत हात घातलास ना? शपथेवर नाही म्हणाली. मी चिडलो. ऑपरेशनला घातलेले सहा महिने पाण्यात घालशील म्हणालो. ती रडली नाही, नुसती भिंतीला टेकून बसून राहिली. ते मला जास्त लागलं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

खुंट्या मोजल्या. पश्चिमेच्या बुरुजावर खुंटीचं टोक गेल्या मंगळवारी चार इंच वर होतं, आज अडीच. म्हणजे माती झिजली नाही, चढली. दीड इंच. दोनदा मोजलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, टिंडल, माती वर चढत नसते, तुम्ही पट्टी उलटी धरली असेल.

असेल बुवा. मीही हल्ली झोपत नाही नीट. तिच्या श्वासाकडे कान लावून पडलेला असतो.

रविवार, १४ ऑक्टोबर

आज तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसलो. दोनला झोपली. पाच मिनिटांत श्वास जड झाला. हळूहळू तिचे हात पांघरुणावर हलायला लागले. दोन्ही हात खाली जायचे, काहीतरी धरायचे, छातीशी यायचे, आणि खांदा वळायचा. पुन्हा खाली. एका लयीत. कपाळावर घाम. मी हात धरले तर मला तिचा जोर आवरेना. या बाईला लोणच्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही.

हाका मारल्या, गालावर पाणी मारलं. उठली नाही. बरोबर चारला डोळे उघडले. तळव्यांवर फोड होते. नखांत निळी चिखलमाती. तशी माती फक्त खंदकाच्या तळाशी आहे. आणि ती या दोन तासांत अंथरुणातून हललेली नाही. मी बघत होतो. मी डोळ्यांनी बघत होतो.

बुधवार, १७ ऑक्टोबर

सोमवारीच तिला गाडीत घालून तिच्या बहिणीकडे लिंकनला नेलं. माती नाही, खंदक नाही, डांबरी रस्त्यावरचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. दोन वाजले आणि सोफ्यावर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले. हात सुरू झाले. रोवेना, तिची बहीण, किंचाळली. चारला लेटिस उठली तेव्हा सोफ्यावर चिखल.

काल तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि मला बाहेर नेऊन झापलं. म्हणाला, बायकोकडून हमाली करून घेता का? खाणीतल्या मजुरासारखे खांदे झालेत. हे हृदय अजून पंधरा दिवस असं चाललं तर बंद पडेल. मान खाली घालून ऐकलं. आज परत आलो. कुठे गेलं तरी तेच, तर निदान जो सांगू शकेल त्याच्याजवळ राहावं.

शनिवार, २० ऑक्टोबर

क्रेककडे गेलो. लेटिसही हट्टाने आली, दोनदा रस्त्यात बसली. म्हाताऱ्याने तिचे हात उलटेपालटे करून बघितले आणि सरळ विचारलं, बाई, त्या रविवारी तू मातीला हात लावलास का?

ती माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "मला लाज वाटली होती रे. एवढी माणसं उभी, आणि आपण कंपोस्ट टाकतोय. सगळे गेल्यावर मी मूठभर माती उचलली आणि तटावर टाकली. गढीचीच. त्यांचा मान राहावा म्हणून."

क्रेकने तिचे हात सोडले. मग जे सांगितलं ते असं. मी काम न करताच सुटलो. तिने काम सुरू केलं आणि तिला घरी जा म्हणणारा कोणी नव्हता. ज्याला कोणी सांगितलं नाही तो खणत राहतो. मी म्हटलं, मग आत्ता सांगा. तो म्हणाला, माझ्या सांगण्याला त्या एका दिवशीच किंमत आहे, एरवी मी ईलवाला म्हातारा. पुढचा सुटकेचा रविवार पुढच्या सप्टेंबरात. अकरा महिने.

दुसरा काही रस्ता? आहे म्हणाला. घरटी एक माणूस, कोण ते गढीला सारखंच. घरातल्या दुसऱ्याने मूठभर माती तटावर टाकून, अमक्याची पाळी माझी, असं म्हणायचं. त्याच्या आत्याने नवऱ्यासाठी केलं होतं. मी विचारलं, ती जगली का सप्टेंबरपर्यंत? तो म्हणाला, "ती तरुण होती, टिंडल."

लेटिस म्हणाली, हे होणार नाही. मी म्हटलं, हो, नाही करणार. वाद घालायची ताकद दोघांतही नव्हती.

रविवार, २१ ऑक्टोबर

सकाळी ती चर्चला गेली असताना पश्चिमेच्या बुरुजावर चढलो. मूठभर माती उपटली, गवतासकट. तीन पानी नियम गेले खड्ड्यात. टाकली, आणि मोठ्याने म्हटलं, लेटिस टिंडलची पाळी माझी. मेंढ्यांनी माना वर केल्या. बाकी काही झालं नाही. मला हसूच आलं.

दोन वाजता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो होतो. चारला जाग आली. हे लिहिताना पेन बोटांतून निसटतंय. लेटिस मात्र दुपारभर जागी होती आणि तिचे हात स्वच्छ आहेत.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

झोपेत जिथे जातो तिथलं लिहून ठेवतो. पाऊस असतो. उजेड राखेसारखा. माणसांची रांग, वेताच्या टोपल्या, खंदकाच्या तळापासून तटाच्या माथ्यापर्यंत. ओल्या मातीची टोपली किती जड असते ते कोणाला सांगून कळायचं नाही. कोणी मारत नाही. कोणी शिवी देत नाही. कप्तानाचं स्टूल रिकामं आहे. सगळे मधून मधून रस्त्याकडे बघतात, कोणी सांगायला येतंय का म्हणून.

मी म्हटलं त्यांना. ओरडून म्हटलं, फौज गेली, घरी जा. सगळ्यांनी वळून बघितलं. एका बाईच्या चेहऱ्यावर तर हसू यायला लागलं होतं. मग त्यांनी माझ्या हातातली टोपली बघितली आणि पुन्हा वाकले. टोपलीवाल्याचं कोण ऐकतो.

मी अकरा महिने काढीन. एकतीस वर्षं पहाटेची पहिली बस काढली, हेही काढीन.

सोमवार, २९ ऑक्टोबर

लेटिस सुधारतेय. आज सफरचंदाचा केक केला. काम करताना गुणगुणत होती. मी आठवड्यात अकरा पौंड उतरलो. ताटात अन्न टाकलं म्हणून ती ओरडली. मी म्हटलं, वय झालं. माझे हात मी टेबलाखाली ठेवतो.

गेल्या मंगळवारी खुंट्या मोजल्या नाहीत. कशाला मोजू. पश्चिमेची खुंटी दिसतच नाही.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

तिने हात बघितले. मी मेंढ्यांचं कुंपण दुरुस्त केलं म्हणालो. बघत राहिली. चाळीस वर्षं माझ्याशी संसार केलाय तिने, खोटं कुठून निघतं ते तिला माहीत आहे. मग तेल आणून माझ्या तळव्यांना लावलं. तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

आज जिना चढता आला नाही. खालीच झोपणार.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

दमलो. शब्द नाही दुसरा. टोपली — टोपली ठेवतो तिथे दुसरी भरलेली असते. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याचं नाव विचारलं. त्याला आठवेना.

तिथून परत येताना आज एक क्षण वाटलं, परत कुठे यायचं — घर कुठलं ते —

मग लेटिसचा आवाज आला.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

ती क्रेककडे गेली होती. एकटी, चालत, दीड मैल. परत आली तेव्हा डोळे सुजलेले. काय बोलणं झालं विचारलं. ईलची पाककृती म्हणाली. तिला ईल —

मी शपथ घातली. म्हटलं, लेटिस, काही करायचं नाही, तुझं हृदय बंद पडायला एक दिवस पुरे आहे. एक दिवस. ती हो म्हणाली. मीही तिला हो म्हटलं होतं क्रेककडे.

शनिवार, १० नोव्हेंबर

छातीत दुखतं. डाव्या हाताला मुंग्या. तिला सांगितलं नाही — तिने विचारलंही नाही, नुसती उशाशी बसून —

दहा महिने राहिले. साडेदहा.

सोमवार, १२ नोव्हेंबर

दोन वाजले. खुर्चीत बसलोय, रोजच्यासारखा. पेन हातात धरून झोप लागली की वही खराब होते, तरी लिहितो.

दोन वाजून दहा मिनिटं. झोप नाही आली.

सव्वादोन. अजून जागाच आहे. विश्वास बसत नाही. खांदे हलके वाटतायत. मूठ मिटवून बघितली, मिटली. बहुतेक संपलं असावं — बहुतेक क्रेकने काहीतरी केलं. म्हातारा मोठा इरसाल आहे, दिवस-बिवस म्हणत बसला आणि — किती दिवसांनी हसलो मी. लेटिसला सांगायला हवं. आता तिला उठवत नाही. जेवण वाढलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, मी वर जरा पडते. पडू दे. बिचारी सकाळपासून बाहेर —

बाहेर कशाला गेली होती?

तीन आठवड्यांत ती दुपारची पडलेली नाही.

मोरीत तिचे हातमोजे भिजत घातलेत. पाणी निळं —

वरून धाप ऐकू येतेय. एका लयीत. पलंग करकरतोय. मी येतोय लेटिस, टाक ती टोपली, टाक खाली, मी —

आता करकरत नाही